डावीकडचा कुंदा

करवली रानातल्या तासाच्या टोकाला आली आणि थांबली. पुढचा हात खाली गेला, आडव्या पडलेल्या तागाखालून लिंबाएवढा एक दगड वर आला, बांधावर ठेवला गेला. मग तिने उजवा पाय दोनदा झटकला आणि ती वळली.

पायाची माती झटकावी तशी. पण करवलीच्या पायांना माती चिकटत नसे. त्यांच्यावर तसा मुलामाच होता. माती चिकटायची ती आप्पांच्या वहाणेला.

नीलांबिकेने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मटकन बांधावर बसली होती. आता सवय झाली होती. म्हणजे आता ती बसायला पोतं घेऊनच येत होती.

आप्पा फाल्गुनात गेले. झोपेतच मेंदूत रक्तस्राव झाला. शेताच्या वरच्या कोपऱ्यात, आईच्या शेजारी त्यांना माती दिली आणि नीला पुण्याला, ग्रंथालयातल्या आपल्या नोकरीवर परतली. भाद्रपदात ती शिरनूरला आली होती चार दिवसांसाठी, रानाचं काय करायचं ते ठरवायला. ते चार दिवस केव्हाच उलटून गेले होते.

मंगळवेढ्याच्या बाजूची ही काळी रानं. पूर्वी ती पावसाळाभर मोकळी ठेवायची, कुळवून ओल मुरवायची आणि पाऊस ओसरला की ज्वारी पेरायची, अशी रीत होती. गेल्या वीस वर्षांत पावसाने आपली रीत बदलली. महिन्याचं पाणी एका दुपारी कोसळू लागलं आणि उघड्या रानाचा वरचा थर चहाच्या रंगाचा होऊन ओढ्याला जाऊ लागला. तेव्हा गावाने पावसाळ्यात रान झाकायला सुरुवात केली. ताग पेरायचा, छातीइतका दाट होऊ द्यायचा आणि फुलावर आला की जड रूळ फिरवून आडवा पाडायचा. तो उचलायचा नाही. गोधडीसारखा तो तिथेच पडून राहतो, ओल धरतो, आणि त्याच्याखाली ऊन न मिळाल्याने बहुतेक गवतं मरतात. मग त्या गोधडीतच रेघ पाडून ज्वारी पेरायची.

कुंदा मात्र मरत नाही. त्याच्या गाठाळ मुळ्या हातभर खोल जातात; तुटून राहिलेला बोटभर तुकडाही पुढच्या वर्षी नवं बेट उभं करतो. तागाच्या सावलीत तो अशक्त होतो, एवढंच. औषध मारावं, तर ज्वारीही मुळात गवतच. दोघांत फरक करणारी जी औषधं होती, ती कुंद्याने पचवून टाकली होती. उरलं होतं ते बघणं, वाकणं आणि खणणं. वाकणारी माणसं गावात कमी उरली, म्हणून करवल्या आल्या.

कंपनीने यंत्राचं नाव 'अनुचर' ठेवलं होतं. शिरनूरच्या बायकांनी ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. नवरीच्या मागे मागे कलश घेऊन चालते ती करवली, आणि हे वासराएवढं, चार पायांचं यंत्रही तसंच मालकाच्या मागून चालायचं. त्याच्या बनवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ओळखली होती. तण ही काही वनस्पतीची जात नव्हे, तो शेतकऱ्याचा निर्णय असतो. मारवेल गवत तासात आलं तर तण. तेच बांधावर आलं तर माती धरणारं आणि गुरांना आवडणारं वैभव. म्हणून यंत्राला गवतांची चित्रं पाठ करायला लावली नव्हती. त्याचा एक डोळा जमिनीवर असे आणि एक माणसावर. माणूस कुठे बघतो, कशाशी थांबतो, कशाला वाकतो आणि काय सोडून पुढे जातो, हे पाहत ते शिकत असे. एकदा शिकलं की एकटं काम करी. पण मालक सोबत चालला तर शिकणं चालूच राही. बहुतेक लोक पहिल्या दोन हंगामांनंतर घरी बसले. आप्पा शेवटपर्यंत चालत राहिले.

"झालं का बापाचं दर्शन?"

गंगूकाकू बांध ओलांडून आली. शेजारचं रान तिचं. नवरा गेल्यापासून ती एकटी बियाण्याची ज्वारी करत होती, आणि नीलाची आई गेल्यापासून आप्पांचं दुपारचं जेवणही तीच करत होती.

"बस काकू."

"बसायला नाही आले. उठ. तुला दाखवायचं हाय."

तिने नीलाला बांधाच्या उंचवट्यावर उभं केलं. तिथून रान पट्ट्यापट्ट्यांचं दिसत होतं. वाळत चाललेल्या तागाचा एक तपकिरी, स्वच्छ पट्टा; मग एक हिरवा; पुन्हा एक तपकिरी. हिरव्या पट्ट्यांत कुंदा गुडघ्याला आला होता. कडेच्या हिरव्या पट्ट्यातून तो बांधाच्या खालून पलीकडे गेला होता आणि काकूच्या रानात त्याचे कोंब डोकावत होते.

"माझा बियाण्याचा प्लॉट हाय, नीला. तपासणीला माणूस येतो. कुंदा दिसला की अख्खा प्लॉट बाद. मग ती ज्वारी भाकरी करून खायची. इतकी भाकरी मला एकटीला संपंल का?"

"करवलीत काहीतरी बिघाड असेल."

"बिघाड हाय म्हणूनच म्हणते, बदलून घे. गावची शिकवण घाल तिच्यात. सगळ्यांनी घातली. तुझ्या बापालाच तेवढी स्वतःची पायजे होती." काकूने करवलीकडे पाहिलं. ती पुन्हा टोकाला येऊन पाय झटकत होती. काकूचा आवाज उतरला. "मला काय ते बघून बरं वाटत नाही व्हय? पण पेरणीच्या आत कर काय ते. वापसा आला, रान पेरणीजोगं झालं, की मी थांबणार नाही."

काकू जाता जाता थांबली.

"आणि एक. पुढच्या खेपेला ती कारळ्याची चटणी आणू नको. तुझा बाप खात नव्हता."

"खात नव्हते? फोनवर तर म्हणायचे, पोचली, छान आहे."

"म्हणायचा. ताटात तशीच राहायची. भाकरी खाल्ली, भाजी खाल्ली, चटणीला बोट नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, काय हो भावजी, लेकीवर रुसलाय का? तर माझ्याकडंच बघत बसला."

रुसले होते, हे नीलाला ठाऊकच होतं. दिवाळीत तिने फोनवर विषय काढला होता, की रान वाट्याने द्या आणि पुण्याला चला. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यानंतर फोनच्या पडद्यावर ते दिसत, पण तिच्याकडे बघत नसत. तिच्या मागच्या भिंतीवर, पडद्याच्या उजव्या कडेला घड्याळ होतं. त्यांची नजर तिथे असे. फोन आटपायची घाई असल्यासारखी. मग तीही लवकर आटपू लागली. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. हे नुसतंच एका बाजूला पडून राहिलं आणि फाल्गुन आला.

दुसऱ्या दिवशी यंत्र-केंद्रातून फरीदा मुलाणी आली. तिशीची, बारीक, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. तिने करवलीला आडवं घातलं, डोळे पुसले, सांधे हलवून पाहिले, मग तिच्यात थोडा वेळ गावची शिकवण घालून दोन तासं चालवली. करवली दोन्ही बाजूंनी लख्ख खणत गेली. टोकाला थांबली नाही. दगड उचलला नाही. बांधावर चढून मारवेलाचा एक झुबका मात्र उपटून मोकळी झाली.

"अगं, ते मारवेल आहे," नीला म्हणाली.

"गावची शिकवण ताई. सगळ्यांच्या सवयी एकत्र कुटून केलेली. बहुतेकांचे बांध बोडकेच आहेत, त्याला ती काय करणार?" फरीदाने पुन्हा आप्पांची शिकवण घातली. करवली चालू लागली. उजवीकडे कुंदा दिसला की थांबून खणायची. डावीकडे तिची मानही वळत नव्हती.

"यंत्र ठणठणीत आहे," फरीदा म्हणाली. "शिकवणीतच आहे हे. ती डावीकडे बघतच नाही. जाताना डावी बाजू सुटते, वळून येताना पुन्हा डावीच सुटते. दोन डाव्या शेजारी येतात, तो तुमचा हिरवा पट्टा."

"पण आप्पा असं शिकवतील कसं? आयुष्य कुंद्यामागे गेलं त्यांचं."

"पहिल्या हंगामांत नाही शिकवलं. गेल्या हंगामात, दिवाळीच्या सुमारास बदललंय. त्यांची नजर डावीकडे जायची बंद झाली. तिने अर्थ लावला, की डावीकडे बघायची गरज नाही." फरीदा करवलीच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होती, गुरांच्या डॉक्टरसारखी. "तिला दोनच गोष्टी कळतात, ताई. माणसाने केलं, आणि माणसाने सोडलं. आता बघून सोडलं की दिसलंच नाही म्हणून सुटलं, यातला फरक तिला कुठून कळणार?"

"तिच्यात त्यांचं चित्र असेल ना? त्या दिवसांतलं?"

"चित्रं ठेवत नाही आम्ही. रोजची रोज पुसतात. फक्त सवय राहते."

फरीदा हत्यारं आवरत असताना काकू जेवण घेऊन आली. बाभळीखाली तिने नीलापुढे ताट ठेवलं. समोर भाकरी, उजवीकडे वांग्याची भाजी, डावीकडे कांदा आणि चटणी. आप्पा खात नव्हते म्हणत होती, तरी तिने नीलाने आणलेलीच चटणी वाढली होती.

नीला ताटाकडे बघत राहिली.

"काय गं? केस निघाला का?"

"काकू, त्यांच्या ताटात चटणी कुठे वाढायचीस?"

"कुठं म्हणजे? चटणी कुठं वाढतात? डावीकडं."

"आणि कांदा?"

"कांदाबी डावीकडं. कांदाही सोडायचा मेला. माणूस म्हातारा झाला की..." काकू थांबली. नीलाचा चेहरा तिला नीट दिसत होता.

"डावीकडचं अजून काय सोडायचे?"

काकू आठवू लागली. "सोडायचा असं नाही. धडकायचा. दाराच्या चौकटीला. डावा कोपर कायम सोललेला. मी म्हटलं, हळद लावा. तर म्हणाला, कुठं लागलंय?"

नीलाने खूप पुस्तकं वाचली होती, ग्रंथालयात ती हाताखालून जातच. मेंदूच्या उजव्या बाजूला एखादी बारीक शीर बंद पडली, दुखलं नाही, तोंड वाकडं झालं नाही, तरी जगाची डावी बाजू जाऊ शकते, हे तिने वाचलेलं होतं. तिथे काळोख होत नाही. आपल्या पाठीमागचं आपल्याला कुठे काळं दिसतं? ते नसतंच. तशी डावी बाजू नसते, आणि नसलेल्याची उणीव भासत नाही. माणूस अर्ध्या ताटातलं जेवतो आणि पोटभर जेवल्याचं सांगतो. चटणी छान आहे असंही सांगतो, कारण ती पोचल्याचं त्याला ठाऊक असतं आणि लेकीने केलेली चटणी छानच असणार. फोन समोर धरला तर त्याला पडद्याची उजवी कड दिसते. तिथे भिंतीवर एक घड्याळ असतं.

वाचलेलं असून तिला हे दिसलं नव्हतं. दिसणार कसं? तीही त्यांच्याकडे करवलीसारखीच बघत होती.

"रुसले नव्हते, काकू," ती म्हणाली.

काकूने पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "ताट फिरवलं असतं तर खाल्ली असती गं त्यानं."

फरीदा जवळ येऊन उभी होती. तिने काय ऐकलं, किती ऐकलं, ते कोणी विचारलं नाही. "ताई, काय करू? गावची घालू? मघाशी नुसती चाचणीपुरती होती; कायमची एका रानाला एकच शिकवण बसते. ती घातली की ही गेली."

नीलाने रानाकडे पाहिलं. ते हिरवे पट्टे आता तिला कुंद्याचे दिसत नव्हते. आप्पांचा शेवटचा हंगाम तासातासाने तिथे उमटला होता. जे त्यांना कधी कळलं नाही, जे कोणी त्यांना विचारलं नाही, ते गुडघाभर वाढून वाऱ्यावर हलत होतं. ते खणायचं म्हणजे तेही मोडायचं. आणि राखायचं म्हणजे काकूचं बियाणं बुडवायचं. आप्पांनी दुसऱ्याच्या रानात कुंदा जाऊ देणं, ही गोष्ट तर त्यांच्या कुठल्याच शिकवणीत नव्हती.

"तिसरं काही नाही का?"

"आहे. तिच्यासोबत कोणीतरी चालायचं. रोज. डावीकडे बघायचं, वाकायचं, खणायचं. ती परत शिकेल. पण पेरणीपर्यंत इथे राहावं लागेल, आणि पुढे ज्वारी उभी राहीपर्यंत अधूनमधून." फरीदाने करवलीकडे पाहिलं. "आणि ताई, नवीन नुसतं डावीकडेच मिसळेल असं नाही. तुमची चाल मिसळणार. त्यांचं काय राहील आणि काय झिजेल, ते मी सांगू शकत नाही. कोणीच नाही सांगू शकत."

नीलाने ताट जवळ ओढलं आणि आधी चटणी खाल्ली.

"कुदळ कुठे आहे काकू?"

पुण्याला तिने रजा वाढवून घेतली. पहिल्या दिवशी कुंद्याचं बेट ओढताना मुळी मध्येच तुटली. मागून येणाऱ्या करवलीने पुढचं बेट धरलं, ओढलं आणि तितक्याच खोलीवर तोडलं.

"एक बिघडलेली होती, आता दोन झाल्या," पलीकडून काकू ओरडली. "अगं खाली जा, खाली. त्याचं मूळ काय तुझ्या पुस्तकाच्या कपाटात हाय?"

मग ती खाली गेली. कुदळीने माती सैल करायची, बोटांनी मुळीचा माग काढायचा, शेवटची गाठ हाताला लागेपर्यंत ओढायचं नाही. काढलेल्या मुळ्या उन्हात बांधावर पसरायच्या. उघडी पडलेली माती पुन्हा तागाने झाकायची, म्हणजे चुकलेल्या तुकड्याला ऊन मिळत नाही. लहानपणी तिने हे केलं होतं. हात विसरले नव्हते, फक्त मऊ पडले होते. मारवेलाशी ती थांबून बघायची आणि सोडायची, मागच्या डोळ्याला कळावं म्हणून जरा जास्तच वेळ.

ती डाव्या बाजूने चाले. करवली उजवीकडे आपलं आपण करी, आणि डावीकडचं पाहायला मान वळवू लागली होती. आधी नीला वाकल्यावर, मग तिच्या बरोबरीने, मग तिच्याही आधी. कधी कधी दोघी एकाच बेटाशी वाकत तेव्हा नीलाला वाटे, मी दिवाळीत आले असते आणि अशीच शेजारून चालले असते, तर एका तासातच कळलं असतं. आप्पांनी हटकलं असतं, "निलू, डावीकडं काय एवढं बघतेस?" ती म्हणाली असती, "कुंदा आहे, आप्पा." मग ते सगळं अंग वळवून उभे राहिले असते आणि म्हणाले असते, "आयला. खरंच की."

हिरवे पट्टे तपकिरी होत गेले. बांधापलीकडचे कोंब तिने आणि काकूने मिळून काढले. काकू रोज काहीतरी खुसपट काढी आणि रोज भाकरी आणी.

शेवटच्या पट्ट्यातलं शेवटचं तास संपलं त्या सकाळी करवली टोकाला आली. थांबली. दगड उचलून बांधावर ठेवला. नीला तिच्या उजव्या पायाकडे बघत होती. पाय हलला नाही. करवली वळली आणि माघारी चालू लागली.

पाय झटकणं गेलं होतं. कोणत्या दिवशी गेलं ते नीलाला कळलंही नव्हतं. तिची नजर डावीकडे होती. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. मग खाली वाकून तागाखालून एक दगड शोधला आणि करवलीच्या दगडाशेजारी ठेवला. ते तरी टिकावं.

वापसा आला. शिरनूरमध्ये पेरणीच्या दिवशी चाड्यावर बियाण्याची मूठ धरण्याआधी रानात माती दिलेल्या थोरांना जेवणाचं ताट ठेवतात. आप्पांच्या घरात आता ते नीलाने ठेवायचं होतं. काकूने पहाटेच स्वयंपाक केला होता. वरच्या कोपऱ्यात, जिथे आप्पांवरची माती अजून आईवरच्या मातीइतकी बसली नव्हती, तिथे काकूने जागा सारवली आणि दोन ताटं मांडली. समोर भाकरी आणि शेंगाची पोळी, उजवीकडे वांग्याची भाजी, डावीकडे कांदा, लिंबू, कारळ्याची चटणी. खाली रानात करवली पेरणीसाठी उभी होती, मान एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरवत.

नीलाने आईच्या ताटाला हात जोडले. मग आप्पांच्या ताटासमोर बसली, दोन्ही हातांनी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं.

चटणी उजवीकडे आली.

काकू रीतीभातीची बाई. उलट्या ताटाकडे तिने पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या उचलून तोही उजवीकडे ठेवला.